हजार डॉलर परत करावेत का?

सांगली जिल्ह्यातून एम.एस. करण्यासाठी अमेरिकेत गेलेल्या एका वाचकाने पत्र पाठवले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

पुण्यात चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी पूर्ण करून, वयाच्या २२व्या वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये ते एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत पोहोचले. शिक्षणासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे ३५ लाख रुपयांचे कर्ज आहे. वडील मुख्य कर्जदार आणि मुलगा सहकर्जदार आहे. हप्ते अजून सुरू झालेले नाहीत, पण व्याज साचू नये म्हणून वडील ते दरमहा भरतात. २०२४ चे अमेरिकन विवरणपत्र त्यांच्यासोबत राहणाऱ्या एका सीनियरने पन्नास डॉलर घेऊन मोफत सॉफ्टवेअरवर भरून दिले. त्या चार महिन्यांत विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये काम करून त्यांना ३,२०० डॉलर मिळाले होते आणि त्यातून १८० डॉलर केंद्रीय आयकर कापला गेला होता. परतावा मात्र १,१८० डॉलरचा आला. वरचे हजार डॉलर ‘एज्युकेशन क्रेडिट’चे, असे सीनियरने सांगितले. २०२५ मध्ये त्यांना डायनिंग हॉलचे ८,००० आणि उन्हाळी इंटर्नशिपचे १२,००० डॉलर मिळाले. दोन्हीकडे मिळून १,३०० डॉलर आयकर कापला गेला, आणि इंटर्नशिपच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (पेन्शन) व मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांसाठीची रक्कमही गेली. सीनियर म्हणतो, यंदाही तसेच भरू. परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने घेतलेल्या माहितीसत्रात मात्र ‘तुम्ही करासाठी अनिवासी आहात’ हे वाक्य कानावर पडले आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. ते विचारतात: “फी आम्हीच भरली, विद्यापीठाने फीची नोंद असलेला १०९८-टी फॉर्म माझ्या नावाने दिला, आजूबाजूचे सगळे हे पैसे घेतात. मग मी न घेणे हा भाबडेपणा नाही का? गेल्या वर्षीचे चुकले असेल तर ते उकरून काढल्याने व्हिसाला धोका नाही का? आणि बाबांना या फीवर भारतीय आयकरातील ८०सी किंवा ८०ई कलमाची वजावट तरी मिळेल का?”

उत्तर:

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, पण त्या तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. फी आपण भरली असेल तर करातील शैक्षणिक सवलत आपोआप आपली होते, असे तुम्ही धरून चालला आहात. ही समजूत स्वाभाविक आहे, कारण भारतात वडिलांच्या विवरणपत्रात शाळेच्या फीची पावती जोडली की काम होते, असे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. अमेरिकेत मात्र फी भरली का, हा प्रश्न बराच नंतर येतो. पहिला प्रश्न असतो तो करदाता कोण आहे हा. गेल्या वर्षी तुमच्या विवरणपत्रात या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर चुकीचे दिले गेले, आणि पुढचे सगळे त्यातून निघाले.

एफ-१ व्हिसावर आलेला विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे सर्वसाधारणपणे करासाठी अनिवासी मानला जातो. वर्षातील एक दिवस राहिलात तरी ते पूर्ण वर्ष मोजले जाते. त्यामुळे तुमची पाच वर्षे २०२४ पासून २०२८ पर्यंतची आहेत. या काळात तुम्ही कॅम्पसवर प्रत्यक्ष राहता, घरभाडे भरता, ड्रायव्हिंग लायसन्स काढता, तरीही अमेरिकन आयकर विभागाच्या, म्हणजे आयआरएसच्या दृष्टीने तुम्ही निवासी नसता. अनिवासी माणसाने भरायचा फॉर्म १०४०-एनआर, आणि त्यासोबत, निवासी ठरवण्यासाठी आपले अमेरिकेतील दिवस का मोजू नयेत हे सांगणारा फॉर्म ८८४३. हा दुसरा फॉर्म तर एक डॉलर न कमावलेल्या विद्यार्थ्यालाही द्यावा लागतो. बाजारातील बहुतेक मोफत सॉफ्टवेअर नागरिकांसाठी आणि निवासींसाठी असतात आणि ते साधा १०४० भरतात. सुरुवातीला कुठेतरी ‘तुम्ही नागरिक किंवा निवासी आहात ना?’ असे विचारले जाते, तुमच्या सीनियरने तिथे ‘हो’ केले असणार, आणि त्यानंतर सॉफ्टवेअरने निवासी माणसाला लागू होणारे सगळे लाभ प्रामाणिकपणे मोजून दिले.

आता त्या हजार डॉलरकडे वळू. ते ज्या सवलतीतून आले तिचे नाव अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट. वजावट उत्पन्नातून वजा होते, तर क्रेडिट थेट करातून, म्हणून क्रेडिटचा मोह मोठा असतो. या क्रेडिटमध्ये पात्र शैक्षणिक खर्चाच्या पहिल्या २,००० डॉलरचे शंभर टक्के आणि पुढच्या २,००० डॉलरचे पंचवीस टक्के, असे एका विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल २,५०० डॉलर मिळतात. त्यातील ४० टक्के भाग, म्हणजे जास्तीत जास्त १,००० डॉलर, कर शून्य असला तरी रोख परत मिळतो. तुमच्या खात्यात आलेली रक्कम ही हीच.

ती तुम्हाला का लागू नाही, याची तीन कारणे आहेत, आणि त्यांतील प्रत्येक एकटेही पुरेसे आहे. वर्षाच्या कोणत्याही भागात अनिवासी असलेल्या व्यक्तीला हे क्रेडिट घेता येत नाही. नागरिक किंवा निवासी जोडीदारासोबत एकत्र विवरणपत्र भरण्याचा पर्याय निवडणाऱ्यांसारखे मोजके अपवाद आहेत, ते तुमच्यासाठी नाहीत. दुसरे असे की, हे क्रेडिट महाविद्यालयीन शिक्षणाच्या पहिल्या चार वर्षांसाठीच आहे, आणि ती चार वर्षे तुम्ही पुण्यात पूर्ण करून आला आहात. तुमचा १०९८-टी पुन्हा एकदा काढून पाहा. त्यातील रकाना ९ हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असतो आणि तो बहुधा खूण केलेला दिसेल. तिसरे कारण फारसे कोणी सांगत नाही: चोवीस वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थ्याची स्वतःची कमाई त्याच्या पोटापाण्याच्या आणि शिक्षणाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी असेल आणि आई-वडिलांपैकी एक जरी हयात असेल, तर रोख परत मिळणारा भाग त्याला मिळत नाही. ३,२०० डॉलर कमावणाऱ्या २२ वर्षांच्या मुलाला, तो उद्या अमेरिकन नागरिक असता तरी, त्या वर्षी हे हजार डॉलर मिळाले नसते.

यातून १०९८-टी बद्दलचाही तुमचा गैरसमज दूर व्हावा. तो फॉर्म पात्रतेचे प्रमाणपत्र नव्हे. वर्षभरात विद्यापीठाकडे किती फी जमा झाली आणि किती शिष्यवृत्ती दिली गेली, एवढीच नोंद त्यात असते. अनिवासी विद्यार्थ्यांना तो देण्याचे बंधनही विद्यापीठावर नसते. तरीही अनेक विद्यापीठे तो सरसकट सगळ्यांना काढतात आणि दरवर्षी फेब्रुवारीत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नवी गोंधळाची लाट येते.

तुम्ही पदव्युत्तर विद्यार्थी आहात म्हणून कोणी तुम्हाला लाइफटाइम लर्निंग क्रेडिट सुचवील. ते पदव्युत्तर शिक्षणाला खरोखर लागू होते, वर्षांची मर्यादा नसते, आणि १०,००० डॉलरपर्यंतच्या फीच्या २० टक्के, म्हणजे एका विवरणपत्रामागे कमाल २,००० डॉलर मिळतात. पण अनिवासींना तेही नाही. शिवाय त्यात रोख काही परत मिळत नाही, ते फक्त असलेला कर पुसते. जुन्या लेखांतून आणखी एक गोष्ट डोके वर काढते, ती म्हणजे फीची ४,००० डॉलरपर्यंतची वजावट. ती २०२० नंतर संपली, तेव्हा तो मार्गही सोडून द्या.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘आमच्याकडून इथल्या मुलांपेक्षा जास्त फी घेतात, मग परत देताना आम्ही परके कसे?’ हा प्रश्न मला रास्त वाटतो. सरकारी विद्यापीठात राज्यातील विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी अधिक फी भरणाऱ्याच्या मनात तो येणारच. परंतु अनिवासी असण्याच्या दुसऱ्या बाजूचाही हिशेब करून पाहा. निवासी माणसाला जगभरातील उत्पन्न जाहीर करावे लागते, तुम्हाला लागत नाही. तुमच्या नावावर सांगलीच्या बँकेत मुदतठेव असेल तर तिच्या व्याजाशी आयआरएसला देणेघेणे नाही. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेल्यास निवासींना जो वेगळा अहवाल द्यावा लागतो, तोही तुम्हाला नाही. अमेरिकन बँकेतील साध्या ठेवीच्या व्याजावरही तुम्हाला कर नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, एफ-१ वरील अनिवासी विद्यार्थ्याच्या परवानगीच्या नोकरीतून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापायचेच नसतात.

इथे तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील येतो, जो तुम्ही जाता जाता लिहिला आहे. इंटर्नशिपच्या १२,००० डॉलरवर ७.६५ टक्के दराने ९१८ डॉलर कापले गेले आहेत. ते कापणे चूक होते आणि ते तुमच्या हक्काचे आहेत. ज्या हजार डॉलरसाठी तुमची घालमेल चालली आहे, जवळपास तेवढीच रक्कम तुमच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे पगार व करकपातीच्या वार्षिक दाखल्यावर, शेजारच्या रकान्यांत पडून आहे आणि ती मागायला कोणी सांगितलेले नाही. अशी रक्कम विवरणपत्रातून मिळत नाही. आधी ज्या कंपनीत इंटर्नशिप केली तिच्या वेतन विभागाला लेखी कळवायचे की मी अनिवासी एफ-१ विद्यार्थी आहे आणि ही कपात परत करावी. छोट्या कंपन्यांत हे अनेकदा अज्ञानातून होते आणि एका ईमेलवर मार्गी लागते. त्यांनी नकार दिला किंवा दाद दिली नाही, तर फॉर्म ८४३ आणि त्यासोबत फॉर्म ८३१६ भरून, डब्ल्यू-२, व्हिसा, आय-९४ (प्रवेशाची नोंद) आणि आय-२० (विद्यापीठाचे पात्रतापत्र) यांच्या प्रती जोडून थेट आयआरएसकडे मागणी करता येते. त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण थांबण्याचे कारण नाही.

मात्र ही मागणी कशाच्या आधारावर होते, ते लक्षात घ्या. ‘मी अनिवासी आहे’ असे सहीनिशी सांगून तुम्ही ९१८ डॉलर मागणार, आणि त्याच आयआरएसच्या दप्तरी तुमच्याच सहीचे गेल्या वर्षीचे विवरणपत्र ‘मी निवासी आहे’ असे सांगून हजार डॉलर घेऊन बसले आहे. दोन्ही ठिकाणी सही खोट्या विधानाच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेली असते. एकच माणूस दोन्ही बाजूंनी बोलू शकत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: यंदा क्रेडिट घेऊ नका, गेल्या वर्षीचे दुरुस्त करा, आणि मग उजळ माथ्याने आपले ९१८ मागा.

दुरुस्तीची तुम्हाला जितकी भीती वाटते तितकी ती अवघड नाही. २०२४ साठी दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरायचा आणि त्याला योग्य तो १०४०-एनआर, वर ‘अमेंडेड’ असे लिहून, व फॉर्म ८८४३ जोडायचा. स्पष्टीकरणाच्या जागी दोन-तीन सरळ वाक्ये पुरतात: मी अनिवासी होतो, चुकून निवासीचा फॉर्म भरला, शैक्षणिक क्रेडिट मला लागू नव्हते. आता आकडे पाहा. भारत आणि अमेरिका यांच्यातील कर-करार १९८९ मध्ये झाला. त्याच्या कलम २१(२) नुसार भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला निवासींना मिळणारे स्टँडर्ड डिडक्शन घेता येते. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. तुमच्यासोबत चीन किंवा नेपाळचा मुलगा राहत असेल तर त्याचा हिशेब तुमच्यापेक्षा निराळा असेल, त्याची नक्कल करू नका. २०२४ साठी हे डिडक्शन १४,६०० डॉलर होते आणि तुमची कमाई ३,२००. म्हणजे योग्य फॉर्म भरला असता तरी तुमचा कर शून्यच होता आणि कापलेले १८० डॉलर परत मिळणारच होते. दुरुस्तीनंतर ते १८० तुमच्याकडेच राहतात, परत जातात ते फक्त हजार, आणि त्यावरचे व्याज. व्याजाचा दर दर तिमाहीला ठरतो. २०२५ मध्ये तो ७ टक्के होता, तेव्हा वर्षभराचे साधारण सत्तर डॉलर धरा. रक्कम आयआरएसच्या संकेतस्थळावरून बँक खात्यातून भरता येते. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांचीही सोय आहे.

न दुरुस्त करता वाट पाहिली तर काय होईल, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्यासारख्या अनेकांच्या मनात ते असते. चुकीच्या परताव्याच्या मागणीवर २० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. नियम जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने डावलून हे क्रेडिट घेतले असे ठरल्यास पुढची दोन वर्षे, आणि फसवणूक ठरल्यास दहा वर्षे, ते घेण्यास बंदी येते. गेल्या वर्षी तुम्हाला नियम माहीत नव्हता, ही गोष्ट खरी आहे आणि ती तुमच्या बाजूची आहे. पण माहितीसत्रात बसून आल्यावर यंदा तेच केले तर ‘माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही. याउलट, आयआरएसने विचारण्याआधी जो स्वतः दुरुस्ती करतो त्याच्यावर अचूकतेसंबंधीचा दंड सहसा लागत नाही.

व्हिसाचे म्हणाल, तर विवरणपत्र दुरुस्त करणे हे एफ-१ दर्जाचे उल्लंघन नव्हे. दरवर्षी असंख्य लोक, नागरिकसुद्धा, १०४०-एक्स भरतात. पुढे दर्जा बदलताना किंवा कायम वास्तव्याचा अर्ज करताना जुनी विवरणपत्रे समोर येऊ शकतात, आणि तेव्हा फाइलमध्ये चुकीचा फॉर्म असण्यापेक्षा चुकीचा फॉर्म व त्याची स्वतःहून केलेली दुरुस्ती असणे केव्हाही बरे. भीती वाटत असेल तर ती दुरुस्ती न करण्याची वाटावी.

यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या विवरणपत्राचा हिशेबही इथेच करून टाकू, कारण त्यात तुम्हाला दिलासा आहे. एकूण कमाई २०,००० डॉलर, २०२५ चे स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर, उरलेले ४,२५० डॉलर करपात्र, त्यावर १० टक्के दराने सुमारे ४२५ डॉलर कर. कापले गेले १,३००. म्हणजे कोणतेही क्रेडिट न घेता सुमारे ८७५ डॉलर तुम्हाला परत मिळायला हवेत. त्यात कंपनीकडून येणारे ९१८ मिळवा. गेल्या वर्षीचे हजार आणि व्याज फेडूनही तुम्ही सातशे डॉलरच्या आसपास वरच राहता. हा आकडा वडिलांना सांगा, त्यांनाही बरे वाटेल. पगार असल्यामुळे तुमची मुदत १५ एप्रिलची आहे. राज्याचा आयकर हा वेगळा विषय आहे. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. इतरत्र राज्याचे विवरणपत्रही भरावे लागेल आणि कॅलिफोर्नियासारखी राज्ये केंद्राचे करार मानत नाहीत, हे ध्यानात ठेवा. तुमच्या विद्यापीठात ‘व्हिटा’ नावाचे मोफत करसाहाय्य केंद्र असेल तर तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या विवरणपत्रांचे प्रमाणपत्र असलेला स्वयंसेवक आहे का, ते विचारा. अनेक विद्यापीठे स्प्रिंटॅक्स किंवा ग्लेशियर या अनिवासींसाठीच्या सॉफ्टवेअरचे कोड विद्यार्थ्यांना देतात.

आता वडिलांचा प्रश्न. ८०सी खालील शैक्षणिक फीची वजावट ही भारतातील शिक्षणसंस्थेला भरलेल्या फीवरच मिळते, त्यामुळे तुमच्या विद्यापीठाची फी त्यात बसत नाही. ८०ई मात्र परदेशी शिक्षणासाठीच्या कर्जालाही लागू आहे. बँकेचे कर्ज, मुलाचे उच्च शिक्षण, आणि व्याज वडिलांनी स्वतः भरलेले, या तिन्ही अटी तुमच्या घरी पूर्ण होतात. वजावट फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. तिला रकमेची कमाल मर्यादा नाही, पण व्याज भरायला सुरुवात केल्यापासून आठच वर्षे ती मिळते. वडिलांनी आत्ताच व्याज भरायला सुरुवात केली असल्याने ही आठ वर्षेही आत्ताच सुरू झाली आहेत. जाणकार सीए हेच पहिल्यांदा विचारतात.

पण ८०ई म्हणजे फायदाच, असे मात्र गृहीत धरू नका. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. वडिलांचा वार्षिक पगार पंधरा लाखांच्या आसपास आणि भरलेले व्याज ३ लाख २० हजार आहे असे समजू. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ७५ हजारांचे स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १४ लाख २५ हजारांवर उपकरासह ९७,५०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, ८०सीचे पूर्ण दीड लाख आणि व्याजाचे ३ लाख २० हजार वजा केले तरी ९ लाख ८० हजार उरतात आणि कर १,१२,८४० रुपये होतो. म्हणजे तुमच्या कर्जाचे सगळे व्याज दाखवूनही नवी प्रणालीच स्वस्त पडते. यात दोन लाखांचे गृहकर्जाचे व्याज आणि आरोग्यविम्याचा हप्ता आला की पारडे उलटते. वडिलांचा पगार बारा लाख पंचाहत्तर हजारांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर शून्यच आहे, मग ८०ईची चर्चाच नको. पगारदार माणसाला दरवर्षी प्रणाली निवडता येते, तेव्हा विवरणपत्र भरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी आकडेमोड करावी आणि बँकेकडून व्याजाचा दाखला घ्यावा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने पुढे कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील, त्याने गोंधळू नये.

याच व्याजावर तुम्हालाही अमेरिकेत वजावट मिळू शकते, आणि गंमत म्हणजे ती अनिवासींनाही मिळते. शैक्षणिक कर्जाच्या भरलेल्या व्याजापोटी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतात. कर्ज अमेरिकन बँकेचेच हवे अशी अट नाही, मात्र नातेवाइकाकडून घेतलेले उसने चालत नाही. ते फेडण्यास तुम्ही कायद्याने बांधलेले असायला हवे, आणि सहकर्जदार म्हणून तुम्ही तसे आहात. २०२५ साठी एकट्याचे उत्पन्न ८५,००० डॉलरच्या पुढे गेले की ही वजावट कमी होत जाते आणि १,००,००० डॉलरला संपते. सध्या व्याज वडील स्वतःच्या खिशातून भरत आहेत, म्हणून ते त्यांच्याच विवरणपत्रात राहू द्या. त्याच व्याजावर तुम्ही इथे दावा करणे मला योग्य वाटत नाही. नोकरी लागल्यावर तुम्ही स्वतःच्या खात्यातून व्याज भरू लागाल, तेव्हा वजावट तुमची आणि वडिलांची ८०ई तेवढ्यापुरती बंद. कोणाकडे कराचा दर जास्त आहे ते पाहून घरात आधीच ठरवा की व्याज कोणी भरायचे. भारतीय बँक अमेरिकन नमुन्यातील व्याजाचा फॉर्म देणार नाही, त्यामुळे बँकेचा दाखला आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवा.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांकडूनही अशी पत्रे येतात. त्यांचे चित्र उलटे आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. आई-वडील करासाठी निवासी आणि मुलगी न्यू जर्सीत पदवीच्या पहिल्या चार वर्षांत शिकत असेल, तर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट हे त्यांच्यासाठीच आहे, आणि मुलगी आश्रित असेल तर ते पालकांच्या विवरणपत्रात घ्यायचे असते. यात फीसोबत पुस्तके आणि आवश्यक साहित्य धरता येते. वसतिगृह, जेवण, प्रवास, आरोग्यविमा नाही. शिष्यवृत्तीतून किंवा ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून भागवलेला खर्च पुन्हा यात दाखवता येत नाही. पती-पत्नींचे एकत्रित उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या पुढे गेले की क्रेडिट घटते आणि १,८०,००० ला संपते. दोघेही आयटीत असलेल्या घरांत ते बहुधा संपलेलेच असते. अशा वेळी पालकांनी मुलीला आश्रित म्हणून न दाखवणे आणि तिने स्वतःच्या करापुरते, कमाल १,५०० डॉलरपर्यंत, क्रेडिट घेणे हा मार्ग उरतो, पण तिला इंटर्नशिपवर खरोखर कर पडत असेल तरच त्याला अर्थ आहे. २०२६ च्या उत्पन्नापासून दोन्ही क्रेडिटांसाठी करदाता आणि विद्यार्थी यांचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आवश्यक झाला आहे. एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेल्या आणि फक्त आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांचा करक्रमांक) असलेल्या मुलांच्या पालकांनी याची आत्ताच नोंद घ्यावी.

पुन्हा तुमच्याकडे. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला की त्या दर्जातील दिवस मोजायला सुरुवात होते. ऑक्टोबरमध्ये दर्जा बदलला तर त्या वर्षाचे ९२ च दिवस भरतात, ते निवासी ठरायला पुरत नाहीत, म्हणून तुम्ही सर्वसाधारणपणे त्याच्या पुढच्या वर्षी निवासी व्हाल. त्या वर्षापासून १०४० तुमचा फॉर्म असेल, आणि नोकरी करत एखादा विद्यापीठीय अभ्यासक्रम घेतलात तर लाइफटाइम लर्निंग क्रेडिटही तुमचे असेल, उत्पन्न ८०,००० डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण, त्यापुढे घटत जाऊन ९०,००० ला ते संपते. सांगलीची मुदतठेवही मात्र त्याच वर्षापासून जाहीर करावी लागेल.

सीनियरशी भांडू नका. त्याने स्वतःचेही असेच भरले असण्याची दाट शक्यता आहे आणि त्यालाही हे सांगणारे कोणी भेटले नसावे. पण विवरणपत्रावर सही तुमची असते आणि जबाबदारीही तुमचीच राहते, मग ते भरले कोणीही असो. पैसे घेऊन विवरणपत्र भरणाऱ्याकडे आयआरएसचा पीटीआयएन क्रमांक असावा लागतो आणि त्याने त्यावर तयार करणारा म्हणून सही करावी लागते. यंदा कोणी मदत करू लागले तर आधी तो क्रमांक विचारा, आणि तो नसेल तर पन्नास डॉलर देऊ नका.